ऑटोमॅटिक चेन ऑइलर: ४०० सीसी सिंगलला कुठला बसवावा, तेल कुठलं, थेंब किती?

करवीर४००

नमस्कार मंडळी. चेनला आपोआप तेल सोडणारा ऑइलर बसवायचा विचार पक्का झालाय, पण कुठला आणि कसा यावर जाणकारांचं मत हवं.

गाडी ४०० सीसी सिंगल (एकाच सिलिंडरची), फ्यूएल इंजेक्शनची. ५२० साइजची ओ-रिंग चेन डाव्या बाजूला, मागची डिस्क उजवीकडे. वॉरंटी संपलेली आहे. सेंटर स्टँड नाही. वापर दोन प्रकारचा: रोज शहरातून शिरोली एमआयडीसी, आणि दर आठवड्याला कळे, असळज, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी आणि परत.

अडचण पावसाळ्याची आहे. निघताना स्प्रे मारला तरी घाट उतरेपर्यंत धुऊन जातो, परत येताना चेन किरकिर करते आणि रात्रभर गाडी उभी राहिली की साइड प्लेटवर तांबूस गंज दिसतो. पुढे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर पडते. ती चिकट स्प्रेवर बसते आणि चेनवर काळा लेप चढतो.

व्हॅक्यूमवाला, इलेक्ट्रॉनिक की नुसता ग्रॅव्हिटीवाला, आपल्याकडच्या सिंगलला काय जमेल? तेल कुठलं घालायचं, कंपनीचंच लागतं का? आणि मुख्य भीती अशी की तेल टायरवर गेलं तर घाटात काय होईल? सलाईनच्या सेटचा जुगाड करणारेही बघितलेत, त्याबद्दलही सांगा.

उद्यमनगर_लेथ

करवीरदादा, आधी ऑइलर काय करतो आणि काय नाही ते सांगतो, म्हणजे पुढची निवड सोपी जाईल.

ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. बाहेरून कितीही तेल ओतलं तरी ते तिथे जात नाही. बाहेरच्या तेलाची कामं तीन: रोलर आणि बुश यांच्यामधली झीज कमी करणं, ओ-रिंग कोरडी पडून चिरू न देणं, आणि प्लेटचा गंज थांबवणं. या तिन्हींना अगदी पातळ थर पुरतो, फक्त तो सतत असावा लागतो. स्प्रेची गोची तिथेच आहे. मारला त्या दिवशी जास्त, ३००-४०० किमीनंतर नाही, आणि पावसात तासाभरात नाही. ऑइलर थोडं थोडं सोडत राहतो, त्यामुळे पाण्याने धुतलं तरी पुढचा थेंब येतोच. शिवाय पातळ तेल बारीक माती धरून ठेवत नाही, ती तेलाबरोबर बाहेर फेकली जाते. उसाच्या हंगामात चिकट स्प्रेपेक्षा ऑइलर बरा पडतो तो यामुळे.

आता प्रकार.

व्हॅक्यूमवाल्यात स्कॉटऑयलरचा व्ही-सिस्टीम सगळ्यांना माहीत असलेला. यात इंजिनाची ओढ (व्हॅक्यूम) तेल खेचत नाही, हा गैरसमज फार आहे. ओढ फक्त टाकीतला व्हॉल्व्ह उचलते, तेल खाली येतं ते स्वतःच्या वजनाने. इंजिन बंद झालं की व्हॉल्व्ह बसतो आणि तेल थांबतं. वायर नाही, सेन्सर नाही, बिघडायला फार काही नाही. दोन तोटे. एक, थ्रॉटल पूर्ण उघडून बराच वेळ चढ चढताना इनटेकमधली ओढ कमी होते आणि व्हॉल्व्ह अर्धवट बसू शकतो. दोन, सिग्नलला गाडी नुसती चालू उभी असली तरी थेंब पडत राहतात, कारण तेव्हा ओढ सगळ्यात जास्त असते.

इलेक्ट्रॉनिकमध्ये छोटा पंप किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असतो आणि गाडी हलते आहे की नाही हे सेन्सरवरून कळतं. काही सेट चाकाचा वेग मोजतात, काही नुसती हालचाल ओळखतात. उभ्या गाडीला तेल सोडत नाहीत. थेंबांचा वेग बटणाने बदलता येतो, पाऊस लागला की वाढवायचा. इनटेकला हात लावावा लागत नाही, हा फ्यूएल इंजेक्शनच्या सिंगलला मोठा फायदा. किंमत मात्र जास्त.

तिसरा प्रकार ग्रॅव्हिटीचा. यात टुटोरोसारखे सेट येतात, ज्यांच्या व्हॉल्व्हला गाडीची हालचाल उघडते. आणि साधे सेटही येतात, ज्यात नळ हाताने उघडायचा आणि हाताने बंद करायचा. सलाईनचा जुगाड या शेवटच्या वर्गातला.

चौथा प्रकार हाताने डोस देण्याचा. लूबमनमध्ये बाटली दाबायची, कोब्रा नेमोमध्ये हँडलजवळच्या डब्याची टोपी फिरवायची की तेवढं तेल खाली उतरतं. याला ऑटोमॅटिक म्हणता येणार नाही, पण चुकून तेल सांडत राहण्याचा धोका यात सगळ्यात कमी.

तुमच्या वापराला माझं मत: बजेट असेल तर इलेक्ट्रॉनिक. नसेल तर हाताने डोस देणारा. व्हॅक्यूमवाला तिसऱ्या नंबरला ठेवेन, आणि तेही इनटेकवर ओढीची योग्य जागा सापडली तरच.

घाटवाट_एमएच०९

वरचं बरोबर आहे. मी फक्त बसवण्याबद्दल लिहितो, कारण निम्म्या तक्रारी ऑइलरच्या नसतात, नोझलच्या जागेच्या असतात.

नोझल चेनवर धरायचं नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूवर, दातांच्या मुळाशी धरायचं. स्प्रॉकेट फिरताना तेल आपोआप बाहेरच्या कडेला सरकतं आणि दातांवरून थेट चेनच्या प्लेटा आणि रोलर यांच्यामध्ये शिरतं. चेनवर वरून थेंब टाकला तर तो प्लेटच्या बाहेरच्या अंगाला पडतो आणि वेगाने उडून रिमवर जातो.

जागा कुठली? डावीकडून बघितलं, गाडीचं तोंड डावीकडे, तर स्प्रॉकेटवर घड्याळात सात वाजतात तिथे. मागचं चाक त्या बाजूने काट्यांच्या उलट फिरतं. खालची चेन पुढून मागे येते आणि साधारण सहाच्या जागी दातांवर बसते. म्हणजे सातला तेल लागलं की लगेच सहाला चेन भेटते, उडायला वेळच मिळत नाही. नोझल चारच्या किंवा पाचच्या जागी लावलं तर तेच तेल स्प्रॉकेटबरोबर पूर्ण वरपर्यंत जातं आणि मडगार्डला, नंबरप्लेटला फवारा बसतो.

नोझलचं टोक ४५ अंशात तिरकं कापा आणि तिरकी बाजू स्प्रॉकेटकडे ठेवा. टोक स्प्रॉकेटला हलकं टेकलेलं असावं. टेकलेलं टोक थोडं झिजतं आणि आपोआप जागा करून घेतं, ते चालतं. दोन-तीन मिलिमीटर हवेत राहिलं तर थेंब वाऱ्याने उडतो, आणि मागच्या चाकाजवळ वारा भरपूर असतो.

आता महत्त्वाचं. नोझलची नळी शेवटच्या ३-४ सेंटिमीटरच्या आत पक्की बांधलेली हवी, आणि तिच्याबरोबर कडक आधार हवा, ॲल्युमिनियमची पट्टी किंवा जाड तार. नळी सैल राहून स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये गेली तर ती ओढली जाते, पुढचं सगळं उपटून निघतं. आधार स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) बांधायचा, फ्रेमला नाही. फ्रेमला बांधला तर सस्पेन्शन खाली-वर झालं की नोझल जागा सोडतं. स्विंगआर्मवर चिकटवणार असाल तर आधी थिनरने पुसून, रंगाची चमक बारीक एमरीने घालवून मगच दोन भागांचं इपॉक्सी लावा, आणि रात्रभर सुकू द्या. केबल टाय नुसता लावणार असाल तर तो उन्हाने दोनेक वर्षांत ठिसूळ होतो, काळा यूव्हीवाला घ्या आणि एकाऐवजी दोन लावा.

चेनची ढील काढताना चाक मागे सरकतं, नोझल तिथेच राहतं. म्हणून दर वेळी चेन ॲडजस्ट केली की नोझलचं टोक तपासायचं. हे विसरलं जातं आणि मग "ऑइलर काम करत नाही" अशी तक्रार येते.

व्हॅक्यूमवाला बसवायचाच असेल तर ओढ थ्रॉटलच्या पाकळीनंतर आणि सिलिंडर हेडच्या आधी घ्यायची. पाकळीच्या फिल्टरकडच्या बाजूला ओढ नसते. बीएस६ गाडीत पेट्रोलची वाफ परत इंजिनात नेणारी नळी थ्रॉटल बॉडीला येते, तिच्यावर पर्ज व्हॉल्व्ह असतो. टी-जॉइंट घालायचा असेल तर व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये घाला. व्हॉल्व्हच्या पलीकडे कॅनिस्टरकडे (वाफ साठवणाऱ्या डब्याकडे) घातला तर ओढ मिळेल तेव्हा मिळेल. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळीत टी अजिबात घालू नका. तिथे थोडी गळती झाली तरी ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) चुकीचा दाब कळतो आणि पेट्रोलचं गणित बिघडतं. सिंगलमध्ये ओढ झटक्याझटक्याने येते, त्यामुळे ऑइलरच्या बाजूच्या नळीत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर हवा, नाहीतर व्हॉल्व्हची दोन्हीकडे आपटाआपटी होते.

बसवून झालं की गाडी आयडलला ठेवा. आरपीएम आधीपेक्षा चढलेलं वाटलं, किंवा थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट वाढली, तर कुठेतरी हवा घुसते आहे. प्रत्येक जोडावर थोडं साबणाचं पाणी टाकून आयडल बदलतं का बघा.

इलेक्ट्रॉनिकचं वायरिंग सोपं आहे. बॅटरीवरून थेट घेऊ नका, चावी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या वायरवरून घ्या आणि सेटबरोबर सांगितलेल्या ॲम्पिअरचा फ्यूज घाला. टेललाइटची वायर चालते, पण जोड पिळून टेप मारू नका. सोल्डर करा आणि उष्णतेने आकसणारी नळी चढवा, पावसात टेप राहत नाही.

करवीर४००

दोघांचेही आभार, फार कामाचं लिहिलंत. सातच्या जागेमागचं कारण आज कळलं. इलेक्ट्रॉनिककडे कल झालाय, पण बजेट बघून कदाचित आधी साधा डोसवाला लावेन. आता तेलाचं सांगा. मेकॅनिक म्हणतो ९० नंबरचं गिअर ऑइल घाल. काही जण इंजिनातून काढलेलं जुनं तेल वापरतात. खरं काय?

स्लाइडवे६८

तेलावर मी लिहितो.

जुनं इंजिन ऑइल नको. त्यात धातूचा बारीक चुरा आणि काजळी असते. ती रोलरच्या फटीत जाऊन घासते आणि नोझलचं बारीक भोक बंद करते. ते फुकट मिळतं एवढंच त्याचं पुण्य.

९० नंबरचं गिअर ऑइल ओ-रिंगला चालतं, चेनलाही चालतं, पण हाताने ब्रशने लावायला. ऑइलरमधून जायला ते दाट आहे. ४० अंशाला त्याची दाटी साधारण १५० ते २०० सेंटिस्टोक असते, थंडीत त्याच्या कितीतरी पट. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशाला ते नळीत जवळजवळ उभं राहतं आणि दुपारी वाहायला लागतं.

ऑइलरला लागणारं तेल पातळ हवं, पण चिकटही हवं. पातळ असेल तर बारीक नळीतून नीट जातं, चिकट असेल तर स्प्रॉकेटवरून उडत नाही. ऑइलर कंपन्यांच्या तेलात हीच दोन्ही मिळालेली असतात. स्कॉटऑयलर तर तापमानानुसार दोन रंगांची तेलं देतं: निळं ० ते ३० अंशांसाठी आणि लाल २० ते ४० अंशांसाठी. आपल्याकडे बाराही महिने चालवायचं तर लाल, थंडीत पहाटे निघणार असाल तर निळं.

आणि आता कोल्हापूरकरांसाठी. लेथच्या स्लाइडवर घालतात ते स्लाइडवे ऑइल, व्हीजी ६८. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, जिथे मशीन शॉप आहेत तिथल्या कुठल्याही ऑइल डीलरकडे ते लिटरवर मिळतं. त्याचं काम उभ्या स्लाइडवरून खाली न ओघळता धरून राहण्याचं, त्यामुळे त्यात चिकटपणा देणारं मिश्रण कारखान्यातच घातलेलं असतं. कूलंटच्या पाण्याने धुऊन जाऊ नये अशीही त्याची रचना असते. चेनलाही हेच दोन गुण लागतात. खनिज तेल असल्यामुळे चेनच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगला ते चालतं. साधं हायड्रॉलिक ऑइल व्हीजी ६८ घेतलं तर दाटी तीच, पण चिकटपणा नाही, रिमवर ठिपके पडतील. दुकानात मागताना "स्लाइडवे" असं स्पष्ट म्हणा.

व्हीजी पुढचा आकडा म्हणजे ४० अंशाला त्या तेलाची दाटी. तेच व्हीजी ६८ तेल २० अंशाला जवळपास तिप्पट दाट होतं. ग्रॅव्हिटीवर चालणाऱ्या ऑइलरमध्ये थेंबांचा वेग दाटीच्या उलट प्रमाणात जातो. म्हणजे मेमध्ये मिनिटाला एक थेंब सेट केला आणि डिसेंबरच्या पहाटे तसाच सोडला तर तीन-चार मिनिटांना एक पडेल. चेन कोरडी पडते आणि ऑइलर बिघडला असं वाटतं. ऋतू बदलला की सेटिंग बदलायचंच. पंपवाल्या इलेक्ट्रॉनिकमध्ये हा फरक बराच कमी पडतो, कारण पंप ठरावीक आकाराचा घोट ढकलतो.

ग्राफाइट किंवा मॉलीची पूड घातलेलं तेल ऑइलरमध्ये नको. पूड खाली बसते आणि नोझल बंद करते. जंगलात किंवा लाकडाच्या वखारीत चेनसॉला वापरतात ते बार ऑइल चालेल, तेही चिकट असतं, पण बहुतेक १०० च्या आसपास दाट येतं. उन्हाळ्यात चालेल, थंडीत नाही.

उद्यमनगर_लेथ

स्लाइडवे ऑइलला माझाही पाठिंबा. आता थेंबांचा हिशेब.

बारीक नोझलमधून पातळ तेलाचे साधारण ३० ते ४० थेंब मिळून १ मिली होतात. अंदाजावर जायची गरज नाही, नोझलखाली सिरिंज धरून १०० थेंब मोजा आणि किती मिली झालं ते बघा. कोरड्या दिवसात सुरुवात मिनिटाला एक थेंबाने करा. ५० किमी वेगाने तासाला ६० थेंब, म्हणजे दीड ते दोन मिली. ५० मिलीची टाकी त्या हिशेबाने साधारण १२०० ते १६०० किमी जाते. त्यापेक्षा लवकर संपत असेल तर तुम्ही जास्त सोडताय किंवा कुठेतरी गळतंय.

दोन-तीनशे किमीनंतर तपासा. बोट साइड प्लेटवर फिरवा. बोटाला पातळ, ओलसर, फिकट करडी फिल्म लागली तर बरोबर. बोट काळं, जाड लेपाने भरलं तर जास्त. बोट कोरडं आणि प्लेटवर तांबूस कडा दिसली तर कमी. रिमची डावी कड पुसून बघा, ठिपके थोडे असले तर चालतं, ओघळ असले तर थेंब कमी करा. एका वेळी मोठा बदल नको. मिनिटाऐवजी दीड मिनिट, मग बघा. पावसात दुप्पट करा, ३०-४० सेकंदांना एक. घाट संपून रस्ता कोरडा झाला की परत खाली आणा.

हातडोसवाला घेतलात तर हिशेब किमीचा करा: कोरड्यात दर १५०-२०० किमीला छोटा डोस, पावसात दर ५० किमीला. गगनबावड्याला जाताना एक डोस घाट उतरायच्या आधी, एक परत चढून आल्यावर. डोस चालत्या गाडीला, सरळ रस्त्यावर द्यायचा. उभ्या गाडीला दिला तर सगळं तेल स्प्रॉकेटच्या एकाच जागेवर साचतं आणि गाडी सुटताच उडतं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी चेनवरचा जुना चिकट स्प्रे पूर्ण काढायचा. रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि वायर ब्रश नको, दोन्हींनी ओ-रिंग खराब होते. पुसून कोरडी करा, मग ऑइलर. जुन्या लेपावर तेल सोडलं तर लेप पातळ होऊन सगळीकडे पसरतो.

घाटवाट_एमएच०९

टायरच्या भीतीबद्दल. ही भीती रास्त आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

योग्य जागी, योग्य वेगाने पडलेलं तेल टायरच्या चालत्या भागावर जात नाही. जे उडतं ते रिमवर आणि टायरच्या साइडवॉलवर. धोका असतो तो दोन वेळा. एक, नळ उघडा राहिला आणि रात्रभर गाडी साइड स्टँडवर उभी राहिली. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, चेनही डावीकडेच, त्यामुळे टाकीतलं तेल थेट स्प्रॉकेटखाली जमिनीवर साचतं, काही टायरच्या कडेवर. सकाळी पहिल्या डाव्या वळणाला गाडी जिथे झुकते, तोच टायरचा भाग तेलकट असतो. करूळ घाटात हे परवडणारं नाही. दुसरी वेळ, थंडीत सेटिंग वाढवून ठेवलं आणि उन्हाळ्यात तसंच राहिलं.

म्हणून निघण्याआधी टायरच्या डाव्या कडेवरून हात फिरवायची सवय लावा. तेल आढळलं तर भांडी घासायच्या साबणाने आणि पाण्याने धुवा, रॉकेलने नको, ते रबरात मुरतं. पहिले काही किलोमीटर झुकवू नका. मागची डिस्क तुमच्या गाडीला उजवीकडे आहे, तिच्यापर्यंत सहसा जात नाही, पण तीही बघा.

सलाईन सेटला माझा विरोध याच कारणाने. हाताने फिरवायचं चाक आहे, बंद करायचं विसरलं की वरचंच होतं. शिवाय सलाईनची नळी पीव्हीसीची, तेलाने तिच्यातला मऊपणा निघून जातो आणि काही महिन्यांत ती कडक होऊन जोडावरून निसटते. सिलिकॉनची मऊ नळी तेलाने फुगते. ऑइलरला ४ मिमीची पॉलियुरेथेन न्यूमॅटिक नळी वापरा, उद्यमनगरात कुठल्याही न्यूमॅटिकच्या दुकानात मीटरवर मिळते. सलाईनच्या सेटचा एकच चांगला उपयोग: त्याच्या ड्रिप चेंबरमधून थेंब डोळ्यांनी मोजता येतात, त्यामुळे घरात बसून तेलाची दाटी आणि वेग तपासायला तो उत्तम.

जुगाडच करायचा असेल तर नळाऐवजी १२ व्होल्टचा, वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह घाला आणि तो चावीवर जोडा. चावी काढली की तेल थांबतं, विसरण्याचा प्रश्नच नाही.

स्प्लेंडर_शंभर

एक वेगळा मुद्दा. हे सगळं उघड्या चेनच्या गाड्यांसाठी आहे. ज्यांच्या १००-१२५ सीसी गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर आहे त्यांनी ऑइलरच्या मागे लागू नये. त्या चेन बहुतेक ओ-रिंगशिवायच्या ४२८ च्या असतात, कव्हरमध्ये धूळ-पाणी कमी जातं, आणि ९० नंबरचं तेल दर ५०० किमीला कव्हरच्या भोकातून घातलं की काम होतं. नोझल बसवायला कव्हर कापावं लागेल, मग तोटाच जास्त.

उलट, ओ-रिंग नसलेली पण कव्हरही काढून टाकलेली गाडी असेल तर तिला ऑइलरचा फायदा ओ-रिंगवाल्यापेक्षाही जास्त होतो, कारण तिच्या पिन आणि बुशमध्ये तेल खरंच जातं आणि तिथलीच झीज चेनची लांबी वाढवते.

लांबी मोजायची पद्धतही लिहून ठेवतो. चेन ताणून, २० कड्यांचं अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ५२० च्या चेनचा पिच १५.८७५ मिमी, म्हणजे नवीन असताना ३१७.५ मिमी. ४२८ चा पिच १२.७, म्हणजे २५४ मिमी. एक टक्का वाढ म्हणजे अनुक्रमे ३२०.७ आणि २५६.५ च्या आसपास. तिथे पोचली की स्प्रॉकेटसह सेट बदलायचा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा वेगळी दिली असेल तर ती धरा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, चेन सगळीकडे सारखी ताणत नाही.

करवीर४००

खूप स्पष्ट झालं. शेवटचा प्रश्न: चालू असताना बंद पडला तर कुठून शोधायला सुरुवात करू?

उद्यमनगर_लेथ

थेंब एकदम थांबले तर आधी टाकीचा हवा आत घेणारा ब्रीदर बघा. प्रेशर वॉशरने गाडी धुतली की त्यात पाणी आणि माती जाते, मग आत पोकळी तयार होऊन तेल उतरत नाही. टाकीची टोपी थोडी सैल केल्यावर थेंब सुरू झाले तर ब्रीदरच बंद आहे. पातळ तारेने साफ करा.

ब्रीदर ठीक असेल तर नळीत हवेचा बुडबुडा बघा. पारदर्शक नळी घ्यायची ती यासाठीच. बुडबुडा असला तर वरून पंप करत बसू नका. नोझलच्या बाजूने सिरिंजने तेल उलटं वर भरा, हवा आपोआप टाकीत निघून जाते. नळी टाकीपासून नोझलपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये वर चढून खाली आलेली वळी असली की तिथे हवा अडकतेच.

तेही ठीक असेल तर नोझलचं टोक. माती आणि तेल मिळून तिथे बूच तयार होतं. टोक एक-दोन मिलिमीटर कापून पुन्हा ४५ अंश करा.

उलट, इंजिन बंद केल्यावरही थेंब पडत राहिले तर व्हॉल्व्हच्या बसकीवर कचरा आहे. तेल टाकीत घालताना बारीक कापडातून गाळून घाला, सुट्या तेलात डब्याचा गंज असतो. बंद केल्यावर नळीच्या टोकाचा एखादा थेंब पडणं मात्र स्वाभाविक आहे.

आणि एक जागा जिथे कोणी बघत नाही: पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर. ऑइलरने धुऊन निघालेली माती तिथे जाऊन साचते आणि घट्ट गोळा होतो. तो चेनला घासतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलपाशी वाळू धरून ठेवतो. इंजिन ऑइल बदलाल तेव्हा कव्हरचे स्क्रू काढून लाकडी पट्टीने खरवडा आणि रॉकेलच्या फडक्याने पुसा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, सीलला ओरखडा बसला तर इंजिन ऑइल गळायला लागेल.

घाटवाट_एमएच०९

यात भर एवढीच: घाटात ओढ्याच्या पाण्यातून किंवा पुराचं पाणी आलेल्या रस्त्यावरून गाडी नेलीत तर घरी आल्यावर टाकीच्या तळाशी पाणी जमलंय का बघा. तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं आणि तेच आधी नोझलला येतं. पाणी दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा, नळीही काढून फुंकून कोरडी करा, आणि नवीन तेल भरून नोझलमधून स्वच्छ थेंब येईपर्यंत खाली कागद धरून सोडा.